गाठ फोडून बघा, मग युरियाची गोणी फोडा

सोयाबीन पेरून पाच-सहा आठवडे झाले, पीक फुलोऱ्याच्या बेतात आलं, की एक काम करायचं असतं. त्याला अर्धा तास लागतो आणि खर्च शून्य. वाफसा असताना सकाळी कुदळ घेऊन रानात जा. बांधाकडेची झाडं नकोत. मधल्या तासांतली पाच-सात झाडं निवडा. झाड धरून उपटू नका. उपटलं की गाठी तुटून मातीतच राहतात आणि मोकळी मुळं बघून माणूस उगाच धास्तावतो. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून चारी बाजूंनी खणा, ढेकूळ आहे तसं उचला, बादलीतल्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या.

मुळं स्वच्छ झाली की आधी गाठी कुठे आहेत ते बघा, किती आहेत ते नंतर. जमिनीलगत, मुख्य मुळाच्या वरच्या तीन-चार बोटांत गाठींचा पुंजका असेल, तर बियाण्याला लावलेले जिवाणू उगवतानाच मुळाला भेटले असं समजायला हरकत नाही. वरचं मूळ रिकामं आणि लांबच्या बारीक फुटव्यांवर तुरळक गाठी, असं असेल तर त्या बहुधा जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंनी उशिरा धरलेल्या. मग एक गाठ नखानं फोडा. आत मांसासारखा गुलाबी-लाल रंग असेल, तर कारखाना चालू आहे. आत पांढरी असेल तर गाठ अजून कोवळी आहे किंवा नुसती बसून खाणारी आहे. हिरवट किंवा तपकिरी झाली असेल तर तिचं काम संपलं. फुलोऱ्याच्या सुमारास बहुतेक गाठी पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या, तर कुठे तरी बिनसलंय हे नक्की.

एक घोटाळा इथे हमखास होतो. सूत्रकृमीनं झालेल्या गाठी जिवाणूंच्या समजून समाधान मानलं जातं. ओळख सोपी आहे. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि बोटानं ढकलली की सुटून येते. सूत्रकृमीत मूळच सुजलेलं असतं. ती सूज मुळापासून वेगळी काढता येत नाही.

हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला हा पदार्थ. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला तो घेता येत नाही. युरियाच्या कारखान्यात हे बंध तोडायला चार-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम कुळातले जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतात, मात्र त्यांच्या विकराला प्राणवायू अजिबात खपत नाही. जिवाणूला जगायला प्राणवायू हवा आणि कामाच्या जागी तो नको, हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवतं: लागेल तेवढाच प्राणवायू ते बेतानं आत पोचवतं. म्हणून फोडलेल्या गाठीचा लाल रंग हीच कामाची पावती.

शेंगवर्गीय पिकं गाठींच्या मदतीनं हवेतला नत्र वापरतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८०च्या दशकात सिद्ध केलं. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. त्यामागचा व्यवहार मात्र अलीकडे नीट उलगडला. मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं. ओळखीचा जिवाणू ती हेरतो आणि उलट स्वतःचा संकेत पाठवतो. मग मुळावरचा केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि एका बारीक नळीतून आत नेतो. संकेत जुळला नाही तर दार उघडत नाही. जिवाणू खताच्या पाकिटावर पिकाचं नाव का बघायचं, याचं सगळं उत्तर इथे आहे.

हा पाहुणचार झाडाला फुकट पडत नाही. गाठीतल्या जिवाणूंना झाड पानांत तयार केलेली साखर पुरवतं आणि त्या बदल्यात नत्र घेतं. जमिनीत आयता नत्र भरपूर मिळाला, की झाड ही साखर खर्च करायचं टाळतं आणि गाठी कमी धरतं. म्हणून पेरणीच्या वेळी शिफारशीतला थोडा नत्र ठीक, कारण गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला आधार हवा असतो. पण महिन्याच्या पिकाला पिवळेपणा दिसला म्हणून एकरी गोणीभर युरिया फेकणं म्हणजे चालू गाठी बंद पाडण्याचा उद्योग. पीक चार दिवस हिरवंगार दिसतं, माजतं, आणि पुढे शेंगा भरताना हात आखडता घेतं.

पिवळेपणाचं कारण आधी ओळखा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची; चुनखडीच्या काळ्या रानात पाऊस साचला की हे हमखास होतं, आणि त्यावर युरियाचा काही उपयोग नाही. पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची नक्षी असेल तर मोझॅक विषाणूची शंका घ्या. तिन्हींवर एकच गोणी ओतली जाते, हे आपल्याकडचं रोजचं चित्र आहे.

आता पाकिटाकडे येऊ. सोयाबीन आपल्याकडे बाहेरून आलेलं पीक. त्याला लागणारा ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम आपल्या जमिनीत मुळात पुरेसा नसतो. ज्या रानात पहिल्यांदाच सोयाबीन घेणार, तिथे जिवाणूंची बीजप्रक्रिया टाळली तर पिकाला एकही गाठ न येण्याची शक्यता खरी आहे. तूर, मूग, उडीद, मटकी, चवळी, भुईमूग, वाल ही चवळी गटातली पिकं. त्यांचे जिवाणू आपल्या मातीत पूर्वापार आहेत, फक्त ते कामाचे असतीलच असं नाही. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, वाटाणा-मसूरचा वेगळा, घेवड्याचा वेगळा, मेथी आणि लसूणघासाचा आणखी वेगळा. दुकानदार ‘रायझोबियम म्हणजे रायझोबियम, घेऊन जा’ म्हणाला तर पाकीट परत ठेवा.

विकत घेताना पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात. त्यानुसार भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूपाच्या दर मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. ते मोजायला आपल्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, पण उत्पादनाची तारीख, वापरायची अंतिम तारीख, बॅच क्रमांक आणि पिकाचं नाव वाचता येतं. पक्कं बिल घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकीट दुकानात कुठे ठेवलंय ते बघा. पत्र्याच्या छपराखाली, कीटकनाशकांच्या खोक्यांशेजारी मे महिना काढलेलं पाकीट तारखेत बसत असलं तरी आतला जीव गेलेला असू शकतो. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांतून आणि अनेक कृषी विज्ञान केंद्रांतून ही खतं मिळतात; हंगामाच्या आधी तिथे चौकशी केलेली बरी, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रांग असते. घरी आणल्यावर पाकीट गाडीच्या डिकीत विसरू नका. माठाशेजारची गार, अंधारी जागा पुरते.

बीजप्रक्रियेत क्रम चुकला की सगळं वाया. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी जिवाणू. बुरशीनाशक म्हणून ट्रायकोडर्मा वापरलात तर जिवाणूंशी भांडण नाही. रासायनिक लावलं असेल तर ते पूर्ण सुकू द्या आणि मगच जिवाणू लावा. अशा वेळी जिवाणूंची मात्रा थोडी वाढवा. कंपनीचं रंगीत, आधीच औषध लावलेलं बियाणं असेल, तर जिवाणू बियाण्यावर टिकण्याची आशा कमी धरून दुसरा रस्ता घ्या: एकरी सुमारे दोन किलो जिवाणू खत ५० किलो चाळलेल्या, कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या वेळी तासात पडेल असं द्या.

कृती अशी. संध्याकाळी एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ घालून उकळा आणि रात्रभर थंड होऊ द्या. गरम पाकात कालवलेले जिवाणू तिथेच मरतात, म्हणून घाई नको. सकाळी त्यात भुकटी कालवून सरबरीत करा. २५० ग्रॅमचं पाकीट १० ते १५ किलो बियाण्याला पुरतं. द्रवरूप असेल तर साधारण १० किलोला १०० मिलिलिटर. बियाणं गोणपाटावर किंवा ताडपत्रीवर पसरा, वरून शिंपडा आणि हातांनी वरखाली करा. सोयाबीन आणि भुईमुगाचं साल पातळ असतं. चोळू नका, पाणी जास्त घालू नका. साल सुटलं की उगवणीलाच फटका बसतो. प्रत्येक दाण्यावर काळसर थर दिसला की सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. भर दुपारी, तापल्या मातीत पेरण्यापेक्षा सकाळी किंवा ऊन उतरल्यावर पेरलेलं चांगलं. पेरणीयंत्राच्या एकाच पेटीत खत आणि प्रक्रिया केलेलं बियाणं एकत्र करू नका. खताचे क्षार जिवाणूंना जाळतात.

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. भातानंतर ओलीवर वाल किंवा चवळी घेता ती जमीन बहुधा आम्लधर्मी असते. अशा जमिनीत रायझोबियम रोडावतो, शिवाय नत्र स्थिर करणाऱ्या विकराला लागणारं मॉलिब्डेनम पिकाला मिळत नाही. माती परीक्षणात सामू कमी आला तर आधी चुन्याची मात्रा ठरवून घ्या. त्याआधी पाकिटावर पैसे घालू नका.

शेंगवर्गाबाहेरच्या जिवाणूंची दुकानात मोठी जाहिरात असते. इथे थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. ज्वारी, कापूस, भाजीपाला यांसाठी अ‍ॅझोटोबॅक्टर दिला जातो. ज्वारी, बाजरी, मका यांच्या मुळांशी अ‍ॅझोस्पिरिलम राहतो. ते हवेतला नत्र धरतात हे खरं, पण त्यांच्यासाठी मुळाच्या आत गाठीचं घर नाही आणि साखरेचा बांधलेला रतीब नाही. मुळातून पाझरेल त्यावर आणि मातीतल्या सेंद्रिय पदार्थावर त्यांना भागवावं लागतं, त्यामुळे त्यांनी दिलेला नत्र गाठीइतका कधीच नसतो. त्यांचा खरा फायदा बऱ्याचदा संजीवकांचा: मुळाला फुटवे आणि केस जास्त येतात, मूळ जास्त मातीतून पाणी आणि अन्न ओढतं. हलक्या रानात, पावसाचा खंड पडला की हा फरक कामाला येतो. पण केवळ पाकीट वापरलं म्हणून नत्राची मात्रा पहिल्याच वर्षी निम्म्यावर आणू नका.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचंही तसंच. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत डीएपीतला बराच स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन पडून राहतो. बॅसिलस आणि स्युडोमोनास कुळातले काही जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात. प्रयोगशाळेच्या बशीत हे सुरेख दिसतं, जिवाणूभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. शेतात निकाल कधी चांगला, कधी जेमतेम. वर्षानुवर्षं डीएपी टाकलेल्या रानात स्फुरदाचा साठा आहे, तिथे वापरून बघण्यात अर्थ आहे. मुळातच स्फुरद नसलेल्या मुरमाड जमिनीत जिवाणू तरी कुठून आणणार?

उसाचं मात्र वेगळं. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उसातल्या ज्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली, तोच आपल्याकडे ‘अ‍ॅसिटोबॅक्टर’ म्हणून मिळतो. तो कांडीच्या आत, गोड रसात राहतो. म्हणून बेणेप्रक्रियेतच द्यायचा. आधी बुरशीनाशकाची बुडवण उरका, बेणं निथळू द्या. मग १०० लिटर पाण्यात हेक्टरी १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद जिवाणू कालवून टिपऱ्या अर्धा तास बुडवा, आणि लगेच लागण करा. भरमसाट नत्र दिलेल्या उसात ही वस्ती घटते, तेव्हा नत्राचा हात इथेही आवरता हवा.

मुळाशी राहणाऱ्यांपैकी काही राखणदारी करतात. स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा त्यातला नावाजलेला. मातीतलं लोह आधी स्वतः पकडून तो रोगकारक बुरशीला उपाशी ठेवतो, बुरशीला मारक द्रव्यं सोडतो, आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. हरभऱ्याच्या मर रोगावर त्याची किंवा ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करावी. पण मर दिसू लागल्यावर आळवणी करून वाळत चाललेलं झाड उभं राहील, ही आशा सोडा. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. तिथे विजय, दिग्विजय यांसारखा रोगाला दाद न देणारा वाण आणि पिकांची फेरपालट हाच मुख्य उपाय. जिवाणू त्याच्या मदतीला.

ठिबकमधून द्रवरूप जिवाणू देणाऱ्यांनी टाकी आधी धुऊन घ्यावी. आम्ल किंवा क्लोरीन प्रक्रिया केल्यावर लगेच जिवाणू सोडू नयेत. ताम्रयुक्त औषधाची किंवा प्रतिजैविकाची आळवणी आणि जिवाणू यांच्यातही काही दिवसांचं अंतर हवं.

एवढं करूनही रानात त्यांना राहायला जागा नसेल तर पाकिटातली फौज काही आठवड्यांत संपते. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो, तो बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जिवाणूंना खायलाच नाही. उसाचं पाचट आणि सोयाबीनचा भुसा पेटवणं बंद करणं हा पहिला उपाय, आणि तो फुकट आहे. चांगलं कुजलेलं शेणखत दरवर्षी सगळ्या रानाला पुरत नाही, हे मान्य. मग आलटून पालटून एकेका तुकड्याला द्या. दुसरी गोष्ट पाण्याची. गाठीला प्राणवायू बेतानं लागतो, पण लागतो. सोयाबीनच्या रानात तीन-चार दिवस पाणी तुंबलं की गाठी सडतात आणि पीक पिवळं पडतं. भारी जमिनीत रुंद वरंबा-सरी पद्धतीनं पेरणी केली तर जादा पाणी सरीतून निघून जातं, आणि कमी पावसात ओल टिकते.

जीवामृताबद्दल हमखास विचारलं जातं. सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं, शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाच्या त्या द्रावणात जिवाणूंची रेलचेल असते, आणि मातीला ते चालतं. पण त्यात नेमका कोणता जिवाणू किती, हे प्रत्येक पिंपात वेगळं. त्यात घालायच्या मूठभर मातीत सोयाबीनचा जिवाणू असेलच असं नाही. जीवामृत देत असाल तर द्या. नव्या रानातल्या सोयाबीनची बीजप्रक्रिया मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.

सोयाबीन घेतलं म्हणजे जमीन नत्रानं भरली, या समजालाही हिशेब लावून बघा. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात. म्हणजे १० क्विंटल सोयाबीन बाजारात गेलं तर ६० किलोहून जास्त नत्र गोणीतून बाहेर जातो. तेवढा नत्र युरियाच्या ४५ किलोच्या तीन गोण्यांत असतो. पिकाच्या एकूण नत्रापैकी साधारण निम्म्याहून थोडा अधिक गाठी देतात, बाकीचा जमिनीतून येतो. मळणीनंतर भुसा रानाबाहेर गेला किंवा जळाला, तर रब्बीच्या ज्वारीला मागे फारसं काही उरत नाही. भुसा परत रानात पसरा, मुळं जागेवर कुजू द्या, तर हिशेब बराच सुधारतो.

राहिला प्रश्न पाकिटाचा पैसा वसूल होतो का याचा. याचं उत्तर विद्यापीठापेक्षा तुमचं रान अचूक देईल. पेरताना आठ-दहा तास प्रक्रिया न केलेल्या बियाण्याचे ठेवा, आणि ते आधी पेरा. प्रक्रिया केलेलं बियाणं आधी पेटीत गेलं की त्याचे जिवाणू पुढच्या कोऱ्या बियाण्यालाही लागतात आणि तुलना फसते. दोन्ही पट्ट्यांना खत, कोळपणी, फवारणी सारखी. खुंट्या ठोकून ठेवा, नाहीतर दीड महिन्यानं कोणता पट्टा कोणता यावर घरात वाद होतो. गाठी दोन्हीकडच्या बघा, आणि काढणीला दोन्ही पट्ट्यांच्या सारख्या लांबीच्या तासांचं उत्पादन वेगळं मळून तोला. पाच-सात वर्षं सोयाबीन घेतलेल्या, गाठी चांगल्या येणाऱ्या रानात फरक नगण्य निघू शकतो. तसं निघालं तर दरवर्षी प्रक्रिया करण्याऐवजी एखादं वर्ष मध्ये सोडता येईल. सलग उन्हाळे कोरडे गेले, पुरानं माती वाहून गेली किंवा काही वर्षं त्या रानात सोयाबीन नव्हतं, तर पुन्हा सुरुवात करा. आणि सोयाबीनच्या पट्ट्यात फरक दिसला नाही म्हणून त्याच रानातल्या हरभऱ्याचं पाकीट वगळू नका. त्याचा जिवाणू निराळा आहे, तेव्हा ऑक्टोबरात त्याचा कोरा पट्टा वेगळा टाका.